मराठवाड्यात राहून लिंगभाव विषमतेवर पीएच.डी. आणि प्राध्यापकी: वाट कशी आहे, अडतं कुठे

प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून समाजशास्त्रात एम.ए. झालं आहे, ५८ टक्के गुण आहेत, वय २५. सध्या तासिका तत्त्वावर शिकवणं चालू आहे. स्त्री-पुरुष विषमता या विषयावर पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचं आहे. पुण्या-मुंबईला न जाता हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. फक्त नोकरी आणि संशोधन ही दोन वेगळी वेळापत्रकं आहेत हे आधीच मान्य करा. संशोधन तुमच्या हातात आहे, पदभरती नाही. म्हणून पुढं जे लिहितो ते या हिशोबानं की पद मिळायला उशीर झाला तरी तोवरचं काम वाया जाऊ नये.

कागदाची बाजू कंटाळवाणी असते, पण माणसं अडकतात ती तिथंच. ती आधी उरकू.

नेट (राष्ट्रीय) आणि सेट (राज्याची) या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, दोन्हींची तयारी एकत्र करा. नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. मराठी माध्यमातून आलेल्यांचा घोळ इथं होतो: विषय येतो, पण इंग्रजी संज्ञा ओळखीच्या नसतात. प्रत्येक संकल्पनेचं इंग्रजी नाव वहीत समोरासमोर लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सेट ही पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. मराठवाड्यातच राहायचं असेल तर पदाच्या पात्रतेला सेट पुरते. पण कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणजे जेआरएफ फक्त नेटमधूनच मिळते. ती पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये आहे. तिची मूळ वयोमर्यादा ३० वर्षं, स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. म्हणजे २५ व्या वर्षी घाई नाही, पण निवांतपणाही नाही.

नेटला समाजशास्त्र घ्यावं की स्त्री-अभ्यास? दोन्ही स्वतंत्र विषय आहेत, संकेतांक ०५ आणि ७४. मराठवाड्यातली महाविद्यालयीन पदं समाजशास्त्राची निघतात, स्त्री-अभ्यासाची क्वचित. समाजशास्त्रच घ्या. आणि एक लक्षात ठेवा, त्याच्या अभ्यासक्रमाच्या दहा घटकांत लिंगभावाला स्वतंत्र घटक नाही. तो मुख्यतः कुटुंब, विवाह आणि नातेसंबंध या आठव्या घटकात येतो. या विषयाची ओढ असलेले विद्यार्थी पहिले दोन घटक, म्हणजे सिद्धांत आणि संशोधन पद्धती, अर्धवट सोडतात आणि तिथंच गुण जातात.

पीएच.डी. प्रवेशाला २०२४ पासून नेटचे गुण धरले जातात. जेआरएफ नसेल तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. हे गुण एकच वर्ष चालतात. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही तुमची दोन घरची दारं. एकाची धाराशिवला आणि दुसऱ्याची लातूरला उपकेंद्रं आहेत. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, तिथलं ग्रंथालय आणि परिसंवाद यांचा फायदा प्रवेश न घेताही करून घेता येतो, विचारून पाहा.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा हिशोब बघा. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मग त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उघडून वाचा. दोन्हींत प्रकरणांची नावं तीच, फक्त जिल्हा बदललेला दिसला तर तुमचंही तेच होणार. पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाची (कोर्सवर्क) किमान १२ श्रेयांकं म्हणजे क्रेडिट असतात, त्यात ५५ टक्के लागतात. कालावधी किमान ३, कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २, आणि स्त्रियांना त्यावरही २ वर्षांची सवलत. प्रसूती व बालसंगोपन रजा पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मिळते. ही रजा अर्ज करून, आवक क्रमांक घेऊन घ्या. तोंडी "चालेल, या तुम्ही नंतर" यावर विसंबलं की पुढं प्रगती अहवालात खंड दिसतो आणि खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत आणि नोंदणी पक्की झाल्यावरच मिळतात. पैसे उशिरा येतात हे धरून चाला.

आता खरा मुद्दा, विषय.

"अमुक जिल्ह्यातील महिला बचत गटांचा समाजशास्त्रीय अभ्यास" या धर्तीचे प्रबंध मराठवाड्यात पोत्यानं आहेत. तीनशे बायका, एक प्रश्नावली, टक्केवारीचे साठ तक्ते आणि शेवटी "सक्षमीकरण झाल्याचे दिसून येते". असा प्रबंध पदवी देतो. पण मुलाखतीत तज्ज्ञानं "तुम्ही नवीन काय दाखवलं?" म्हटलं की पुढं बोलायला काही नसतं. विषय अरुंद धरा आणि जिथं तुमच्यापर्यंत पोचणारी सामग्री दुसऱ्याला सहज मिळत नाही तिथं धरा. गावात ओळख, बोली आणि तहसीलला वारंवार जाता येणं या तीन गोष्टी पुण्यात बसलेल्या संशोधकाकडं नाहीत.

एक विषय जवळून दाखवतो: बहिणीचं हक्कसोड. कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित शेतीत वाटा आहे. महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ ची, केंद्राची २००५ ची. प्रत्यक्षात वडील वारले की वारस नोंदीत बहिणींची नावं लागतात आणि काही दिवसांत हक्कसोडपत्र होऊन ती कमी होतात. हे किती होतं, कधी होतं, कोणाच्या सांगण्यावरून होतं, हे मोजता येतं. एक गाव घ्या. तलाठी सज्जातून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि ६-क, म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही, यातून गेल्या २० वर्षांच्या वारस नोंदी उतरवा. जुन्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, त्यांच्या नकलेसाठी अर्ज करा. प्रत्येक नोंदीसाठी एक ओळ: मयत खातेदार, मुलगे किती, मुली किती, विधवा हयात आहे का, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, वारस फेरफाराची तारीख, हक्कसोडाची तारीख. दोन तारखांमधलं अंतर हा तुमचा सर्वांत बोलका आकडा ठरतो. पंधरा दिवसांत झालेलं हक्कसोड आणि सात वर्षांनी, जमिनीला भाव आल्यावर किंवा रस्त्यात जमीन गेल्यावर झालेलं हक्कसोड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चुकतं ते इथं. गावात सर्वेक्षण केलं की भेटतात त्या गावच्या सुना. ज्यांचं हक्कसोड झालं त्या बहिणी दुसऱ्या गावी नांदत असतात, त्यामुळे त्या नमुन्यात येतच नाहीत. नोंदवहीतून नावं घेऊन त्यांच्या सासरी जाऊन मुलाखत घ्यावी लागते. प्रवासाचा खर्च आणि वेळ यासाठी आधीच धरा. अशा पंचवीस मुलाखती नीट झाल्या तर त्या तीनशे प्रश्नावल्यांपेक्षा जड भरतात. भावाची मुलाखत वेगळ्या दिवशी घ्या. तो म्हणेल "तिनं राजीखुशीनं दिलं", आणि ती म्हणेल "माहेर तुटायला नको". दोन्ही खरंच असू शकतं. खोटं कोण बोलतंय हे ठरवणं तुमचं काम नाही. राजीखुशी कशी तयार होते, दिवाळीची साडी, मुलांची सुट्टी, आजारपणात कोण धावतं, हे सगळं त्या सहीच्या मागं कसं उभं असतं, ते मांडायचं आहे. आणखी एक खबरदारी: हा कायदा बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही लागू आहे, पण मुस्लिमांना नाही आणि अनुसूचित जमातींना थेट नाही. त्या नोंदी वेगळ्या गटात ठेवल्या नाहीत तर टक्केवारी निरर्थक होते.

दुसरा विषय सगळ्यांच्या तोंडी आहे तो ऊसतोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती येते, हिशोब टनावर होतो, एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे दंड, लागतो. बाईची वेगळी मजुरी कागदावर कुठेच नसते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा नेमकी जागा मिळणार नाही: काम आहे, घाम आहे, उत्पादन आहे, आणि मजूर म्हणून नोंद जोडीची आहे. पण हंगामात फडावर जाऊन मुलाखती घ्यायचा हट्ट धरू नका. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या भरणं, रात्री-अपरात्री गाडी, त्यात स्वयंपाक. फडावर निरीक्षण करा. मुलाखती टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत गावातच घ्या. दसऱ्याच्या आधी उचलीची बोलणी चालू असतात तेव्हाही जा, फक्त त्या वेळी मुकादमाला तुम्ही कोण हे आधी कळू द्या, नाही तर सगळं कुटुंब गप्प होतं.

याच विषयावरचा एक आकडा सगळे वापरतात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण १७ टक्के, सहांत एक. आकडा भयंकर आहे. पण "ऊसतोडीमुळे पिशव्या काढल्या" हे वाक्य एवढ्या एका टक्केवारीवर उभं राहत नाही. शस्त्रक्रिया ऊसतोडीला जायला लागण्याआधी झाली की नंतर? कितव्या वर्षी? सल्ला कोणी दिला? त्याच गावातल्या, त्याच जातीच्या, त्याच वयाच्या पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांमध्ये प्रमाण किती? तुलनेचा गट नसलेला प्रबंध परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

आकड्यांबद्दल आणखी थोडं, कारण लिंगभावाच्या अभ्यासकांची बदनामी बहुतेक वेळा इथंच होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकामाला स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं सगळीकडं छापून आलं. म्हणजे तिप्पट. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. घरकाम केलेल्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. सगळ्या स्त्रिया आणि सगळे पुरुष धरून काढलं तर २४३ मिनिटं आणि २५ मिनिटं. दरी जवळपास दहापट. एकाच सर्वेक्षणातून दोन निष्कर्ष निघतात. कोणता छेद घेतला हे तक्त्याखाली लिहिलंच पाहिजे.

उलटी खबरदारी जिल्ह्याच्या आकड्यांत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात २०-२४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं, राज्याचा आकडा २१.९ टक्के. राज्यभरात सुमारे ३४ हजार स्त्रियांची मुलाखत झाली होती. ३६ जिल्ह्यांत वाटलं तर एका जिल्ह्याला नऊशे-साडेनऊशे, आणि त्यातल्या २०-२४ वयाच्या दीडशेच्या आसपास. एवढ्या नमुन्यावर ४८ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना किमान आठ टक्क्यांची जागा सोडावी लागते. म्हणून परभणी राज्याच्या खूप वर आहे हे ठामपणे लिहा. पण परभणी आणि बीड यांच्यात चार टक्क्यांच्या फरकावर प्रकरण रचू नका.

जुन्या काळाशी तुलना करायची असेल तर मराठवाड्याची खास अडचण आहे. १९५१ ची जनगणना हैदराबाद राज्याच्या खंडांत शोधावी लागते, कारण हा भाग १९५६ पर्यंत तिथं होता. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळे जिल्हे झाले. तालुक्यांची जुळणी केल्याशिवाय "परभणी १९७१" आणि "परभणी २०११" शेजारी ठेवले तर ते दोन वेगळे प्रदेश असतात. ०-६ वयोगटात बीडमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ८९४ होत्या, २०११ ला ८०७. ही तुलना मात्र बिनधास्त करता येते.

मुलाखतीबद्दल दोनच गोष्टी. "तुम्ही काय काम करता?" विचारलं की शेतात दिवसभर राबणारी बाईसुद्धा "घरीच असते" म्हणते, आणि तुमच्या तक्त्यात गृहिणी वाढतात. कामांची यादी घेऊन जा: खुरपणी, कापूस वेचणी, जनावरांचं चारा-पाणी, शेण, दूध घालणं, किराणा आणणं. प्रत्येकाला "काल केलं का, किती वेळ" विचारा. दुसरं, सासू किंवा दीर शेजारी बसलेला असेल तर जमीन आणि मारहाण यांवरचे प्रश्न त्या दिवशी सोडून द्या. पुन्हा जायचं. नावं बदलली म्हणजे ओळख लपली असं होत नाही. चाळीस घरांच्या तांड्यात "तीन मुलींची विधवा, शिलाई मशीन चालवते" एवढ्यावर ती कोण हे सगळ्यांना कळतं. असा तपशील बदला किंवा गाळा. बालविवाहावर काम करायचं असेल तर अल्पवयीन मुलींच्या थेट मुलाखतींच्या फंदात पडण्याआधी नैतिकता समितीचं लेखी मत घ्या. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे आणि ते संशोधकालाही सुटत नाही. प्रबंधासाठी २० वर्षांपुढच्या स्त्रियांच्या मागे वळून सांगितलेल्या आठवणींवर काम करणं जास्त सुरक्षित. मग मुलाखत उतरवणं: तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला पाच-सहा तास लागतात, बंजारा बोली किंवा दखनी असेल तर जास्त. ते त्याच आठवड्यात करा.

प्रबंध मराठीत लिहिला तर काही बिघडत नाही. पण त्यातलं एक प्रकरण इंग्रजी लेख म्हणून नीट तयार करा, नाही तर तुमचं काम सोलापूर ओलांडून जात नाही. प्रकाशनाच्या बाबतीत बाजार मोठा आहे. "आठ दिवसांत लेख प्रसिद्ध, शुल्क पंधराशे" असे संदेश येतील. त्यांत पैसे घालू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे" ही जाहिरातही आता फोल आहे. समीक्षण खरंच होतं का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, हे तपासा. एका परिषदेच्या जाडजूड पुस्तकात छापलेले दहा चार-पानी लेख निवड समिती चाळतसुद्धा नाही. प्रबंधाच्या मजकुराची इतर लेखनाशी साम्यतेची मर्यादा १० टक्के. स्वतःचाच जुना मजकूर उचलला तरी तो मोजला जाऊ शकतो.

पदभरती. सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, आणि नेट, सेट किंवा नियमाप्रमाणे पीएच.डी.; पगाराची सुरुवात ५७,७०० रुपये मूळ वेतनापासून. तुमचे ५८ टक्के पात्रतेला पुरतात, पण गुणांकन असतं तिथं मागे पडतात. ती भर जेआरएफ, पीएच.डी. आणि लेख यांनी काढावी लागते. जाहिरातीत पद अनुदानित आहे की कायम विनाअनुदानित, पूर्णवेळ आहे का, बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या क्रमतक्त्याप्रमाणे, कोणत्या प्रवर्गाचं आहे, शासनाची ना-हरकत आहे का, हे आधी बघा. यातलं एक जरी संदिग्ध असेल तर निवड झाल्यावर विद्यापीठाची मान्यता आणि सहसंचालक कार्यालयाची वेतन-मान्यता अडते आणि माणूस तीन-तीन वर्षं बिनपगारी लोंबकळतो. खासगी संस्थांत देणगी मागितली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कर्ज काढून ती देण्याच्या फंदात पडू नका. पुढं मान्यता अडली तर ते पैसे परत मागायला तुमच्या हातात पावतीही नसते.

तासिका तत्त्वावर असताना प्रत्येक सत्राचं नेमणूकपत्र, विद्यापीठाचं मान्यतापत्र आणि मानधनाची बँक नोंद एकाच फायलीत लावा. मान्यता नसलेला अनुभव मोजला जात नाही. नव्या अभ्यासक्रमात मेजर-मायनरच्या रचनेमुळे समाजशास्त्राचा कार्यभार काही ठिकाणी घटतो आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन धरतात. ज्या विभागात ते भरत नाहीत तिथं दुसरं पद निघण्याची वाट पाहू नका. मधल्या काळात मुंबईची सेहत किंवा पुण्याची सोपेकॉम अशा संशोधन संस्थांच्या मराठवाड्यातल्या सर्वेक्षणांत काम मिळालं तर घ्या. तिथं प्रश्नावली कशी बांधतात आणि आकड्यांतल्या चुका कशा शोधून काढतात हे जे शिकायला मिळतं ते कोणत्याही पेपरात नाही.

नोकरी लागल्यावर एक गोष्ट हमखास होते. तुमचा विषय लिंगभाव, म्हणजे ८ मार्चचा कार्यक्रम, मुलींचं समुपदेशन, अंतर्गत तक्रार समिती, सगळं तुमच्याकडं. समितीचं काम नाकारू नका, पण २०१३ च्या कायद्याप्रमाणे करा: लेखी नेमणूक, बाहेरची सदस्य, तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या. आणि या सगळ्या कामाची पत्रं पदोन्नतीच्या फायलीत लावा. पीएच.डी. असेल तर वेतनस्तराच्या लेव्हल १० वरून ११ ला ४ वर्षांनी, नसेल आणि एम.फिल.ही नसेल तर ६ वर्षांनी जाता येतं. उद्बोधन आणि उजळणी वर्ग या मुदतीच्या आतच करावे लागतात. मूल लहान असताना २१ दिवसांचा वर्ग पुढं ढकलला जातो, तारीख उलटते, आणि पदोन्नती देय दिनांकाऐवजी वर्ग पूर्ण केल्याच्या दिनांकापासून मिळते. ऑनलाइन वर्ग आता मान्य आहेत. देय दिनांकाच्या वर्षभर आधी नाव नोंदवा.